राखण नावाच्या खेळाच्या तीस कॅसेटी

आमच्या सौंसरात दोनचार म्हातारे अजूनही मला ‘कॅसेटवाले भाऊ’ म्हणून हाक मारतात. त्यांच्यासोबत असलेली नवीन पिढी मग विचारते, कॅसेटवाले म्हणजे काय करत होते? म्हणून आधी तेच सांगतो. लोक गाण्यांची चिठ्ठी आणि एक कोरी कॅसेट आणून द्यायचे, मी ती गाणी त्या कॅसेटवर भरून द्यायचो. बस, एवढाच धंदा. बसस्टँडसमोर, नागपूरच्या गाड्या लागत त्या बाजूला पुढं दुकान आणि मागं घर. ऐकायला सोपं वाटतं, पण साठ मिनिटांच्या कॅसेटीत शेवटचं गाणं अर्ध्यात तुटू न देता बसवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. नागपूरच्या भल्या भल्या दुकानांतून गाणी तुटून यायची. माझ्याकडून एकही तुटलं नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. लोधीखेड्याचे एक संत्र्याचे दलाल होते, त्यांना दोन्ही बाजूंनी एकच गाणं हवं होतं. तेच तेच, चौदा वेळा. पांढुर्ण्याहून एक रिटायर गृहस्थ आले. त्यांनी बायकोचं घोरणं टेप करून आणलं होतं, कारण ती कबूल करत नव्हती. म्हणाले, “आवाज जरा वाढवून द्या.” मी वाढवून दिला. ते पुन्हा दुकानात आले नाहीत, म्हणजे कबुली झाली की अजून काही झालं ते मला ठाऊक नाही.

आता या धंद्याच्या तीन गोष्टी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. कॅसेटच्या पाठीला कोपऱ्यांत प्लास्टिकचे दोन लहान तुकडे असतात. मी त्यांना दात म्हणायचो. दात तोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, आतलं आहे ते सुरक्षित राहतं. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे माझ्याकडे तेव्हा दोन वेगळे टेपरेकॉर्डर होते, मधून एक वायर. एक वाजायचा, दुसरा भरायचा. वायरची पिन सैल असली की भरणारी मशीन दुसऱ्या मशीनचं न ऐकता तिच्या आतल्या माईकनं खोलीचे आवाज घेते. आणि तिसरी, मशीनमधलं पुसणारं हेड झिजलं की जुनं पूर्ण पुसलं जात नाही. नवीन गाण्याच्या खाली ते कुठं तरी उरतं. लोक तक्रार घेऊन यायचे की भाऊ, लावणीतून भजन ऐकू येऊन राहिलं.

सुजाताबाई माझ्याकडे आल्या त्या एका कॅसेटची प्रत काढायला. इथल्याच एका शाळेत गणित शिकवायच्या. वय तिशीच्या आत, बोलणं कमी, नजर अशी की समोरच्यानं बेरीज चुकवली असं त्याला उगीच वाटावं. त्यांचे वडील शेषरावबाबा बोरगावकडच्या एका संत्र्याच्या बागेत राखणदार होते. दोन महिन्यांपूर्वीच गेले होते. बाईंचा भाऊ आखातात नोकरीला, त्यानं सुट्टीवर येताना आणलेल्या टेपवर बाबांचा आवाज भरून ठेवला होता. एवढी एकच कॅसेट, एकाच बाजूला.

“गाणीच आहेत ना?” मी विचारलं.

“गाणी आहेत, पण बाबानं स्वतः जोडलेली. कुठं लिहून ठेवली नाहीत,” त्या म्हणाल्या. “अन् काठी आहे. गाण्याले ताल काठीचाच. बागेत फिरताना बाबा प्रत्येक ओळीच्या पहिल्या झाडापाशी थांबत, काठी दोनदा आपटत अन् ऐकत राहत. शेजारच्या बागेतला राखणदारबी दोनदा आपटून जवाब दे. जवाब आला का समजावं, आपलाच माणूस आहे. नाही आला तर दुसरं कोणी आहे.”

“अन् आलाच नाही तर?”

“तर हलायचं नाही. थांबायचं. पळणाऱ्याले काही ऐकू येत नाही, असं बाबा म्हणत.”

मी हसलो आणि कॅसेट ठेवून घेतली. भावाला आखातात पाठवायची होती म्हणून प्रत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन रणरणत होतं, दुकानात कोणी नव्हतं. मी दोन्ही मशीनी सुरू केल्या आणि इतर कामाला लागलो. कपाट लावलं, झाडू मारला, उगीच येरझारा घातल्या, घरात जाऊन पाणी पिऊन आलो. बाजू संपली, बटण वर उडालं आणि मग माझं लक्ष गेलं. बाबांची कॅसेट भरणाऱ्या मशीनमध्ये होती आणि कोरी वाजणाऱ्या मशीनमध्ये. मी उलटं लावलं होतं. दात तोडलेला नव्हता, आणि मी पाहिला नव्हता. रोज दहा लोकांना ‘दात पाहत जा’ म्हणून सांगणारा मी.

कॅसेट मागं फिरवून लावली. सरसर, सरसर, दुसरं काही नाही. अर्धं मिनिट ऐकून बंद केली. पुढं ऐकायची हिंमत झाली नाही.

आणि मी खोटं बोललो. लपवत नाही. त्या आल्या तेव्हा म्हटलं, “मॅडम, कॅसेटले ओल लागली होती. आधीच गेली होती.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही जी. सरसर आहे नुसती.”

त्यांनी कॅसेट घेतली, पदरानं पुसली आणि पर्समध्ये ठेवली. रडल्या असत्या, भांडल्या असत्या तर मी कदाचित बोलून गेलो असतो. त्या फक्त माझ्याकडे पाहत राहिल्या आणि “ठीक आहे भाऊ” म्हणून गेल्या.

त्यानंतर दीड वर्ष त्या दुकानात आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मी दुसऱ्या बाजूनं जायचो. माझा डावा पाय लहानपणापासून अधू आहे, पोलिओ. दुसऱ्या बाजूनं जायलाही मला वेळ लागायचा, त्यामुळे त्यांना दिसतच असेल.

आणि मग शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला, हिवाळ्यात, एका दुपारी त्या थेट दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत पाटीएवढा काळा डबा, त्याला रबराची बटणं. भावानं पाठवलेला कॉम्प्युटर. आमच्या भागात तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द पेपरात वाचायचा. हा डबा टीव्हीला जोडायचा आणि त्यातला प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवरून भरायचा. ती कॅसेट टेपवर ऐकली तर नुसती किर्रर्र किंचाळी. पाच मिनिटं किंचाळी डब्यात ओतली की टीव्हीवर चित्र येतं.

“मी एक खेळ बनवला,” त्या म्हणाल्या. “नाव ‘राखण’. नागपूरले एक दुकानदार आहेत, असे कॉम्प्युटर विकतात. त्यांनी पाह्यला. बाहेरच्या खेळांच्या नकला करणारे पुष्कळ येतात म्हणे, आपल्या डोक्यातून खेळ काढणारं कोणी येत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचं प्रदर्शन आहे. तीस कॅसेटी मागितल्या. लोकांना आवडला तर देशभर विकीन म्हणतात. याचे पुढचे भागबी काढू म्हणतात.”

त्यांनी चौकटीची वही उघडून दाखवली. पहिला भाग बाग, दुसरा विहीर, तिसरा रेल्वेलाइन. एकेका चौकटीत पेन्सिलनं झाडं, मोटेची जागा, सिग्नलचा खांब. गणिताच्या बाईंच्या वहीत असा अंधार भरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

“तुम्हीच भरून द्या,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक कॅसेट लावून पाहा लागन, किंचाळीत जराबी फरक पडला तर चालत नाही. मशीन आठवडाभर तुमच्याकडं ठेवते. तुमचा टीव्ही रंगीत आहे. माझ्या घरी काळापांढरा. मी माझा खेळ रंगात पाह्यलाच नाही अजून.”

“माझ्याचकडं काहून जी?” मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

“तुमच्याकडून गाणं तुटत नाही म्हणतात ना,” त्या म्हणाल्या.

या कामात मी जीव ओतला. टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, बारीक पेचकसानं त्याचा स्क्रू केसभर इकडेतिकडे करून किंचाळीचा आवाज स्वच्छ केला. पिन तीनतीनदा दाबून पाहिली. पहिली प्रत निघाली, टीव्हीला डबा जोडला आणि ‘राखण’ सुरू केला.

नागपुरात नाणं टाकून खेळायच्या मशीनी मी पाहिल्या होत्या. त्यांच्यात कोणी तरी कोणाला गोळ्या घालत असतो नाही तर खात असतो. इथं तसं काहीच नव्हतं. पडदा पूर्ण काळा. मधोमध एक पिवळा ठिपका, म्हणजे तुम्ही, कंदील घेऊन. कंदिलाच्या उजेडात फक्त आजूबाजूची चार झाडं दिसतात. बाकी बाग ओळीनं लावलेली आहे एवढं माहीत, दिसत नाही. बटणांनी चालायचं. एक लांब बटण काठीचं. आणि मग ऐकू येतं. टीप, टीऽप. टीप, टीऽप. बागेत अजून कोणी तरी आहे. ते कधी दिसत नाही. जवळ येतं तसा आवाज मोठा होतो, एवढंच.

मी दुकानात भर दुपारी, दारासमोर बस उभी, कंडक्टर छिंदवाडा छिंदवाडा ओरडून राहिला, आणि माझ्या मानेवर काटा आला. मी बटणं दाबून पळालो. तो मागं आला. कंदिलाचं तेल संपलं, ठिपका विझला आणि पडद्यावर अक्षरं आली. मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द होते: सकाळ झाली नाही.

पुन्हा लावला, पुन्हा पळालो. सकाळ झाली नाही. दिवसभरात सहा वेळा. तो आवाज मला कुठं तरी ऐकल्यासारखा वाटत होता. कुठं ते आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही घरातल्या खोलीत नेऊन बसलो होतो. कुमुद, माझी बायको, आत स्वयंपाकघरात चिवड्याचे पोहे भाजत होती. मी खुर्चीत बसून बटणं दाबत होतो. आतून तिचा आवाज आला.

“तुम्ही उठले का? चहा ठेवू?”

“बसून आहो मी.”

ती झारा हातात घेऊन दारात आली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. टीव्हीतून येत होतं टीप, टीऽप.

“मग घरात तुम्ही काहून चालून राहिले?” ती म्हणाली. आणि झारा खाली ठेवून हळूच म्हणाली, “हे तर तुमचं चालणं आहे न.”

माणसाला आपलं चालणं ऐकू येत नाही. मला तर कधीच नाही आलं. एक पाय नीट पडतो, दुसरा ओढत येतो. एक आखूड, एक लांब. बावीस वर्षं माझ्यासोबत संसार केलेल्या बाईनं ते पोहे भाजता भाजता ओळखलं.

मी टीव्ही बंद केला. मग डोक्यात एकेक जुळत गेलं. पिन. त्या दुपारी पिन सैल होती. कोऱ्या कॅसेटची शांतता बाबांच्या कॅसेटवर गेलीच नव्हती. मशीननं माईकमधून दुकान ऐकलं होतं. कपाट, झाडू, येरझारा. मी अर्धं मिनिट ऐकून बंद केलं, तेवढ्यात फक्त सरसर होती कारण तेव्हा मी स्टुलावर बसून असेन. सुजाताबाईंनी पूर्ण ऐकलं होतं. बापाचा आवाज शोधत बसल्या असतील आणि त्याच्या जागी कोणाचं तरी लंगडत चालणं. सौंसरात तसं चालणारा कॅसेटवाला एकच आहे. म्हणजे त्यांना दीड वर्ष माहीत होतं.

बागेत चोर फिरत होता तो मीच. आणि मीच माझ्यापासून पळत होतो.

आता कोणीही विचारेल, मग त्याच दिवशी उठून त्यांच्या घरी का नाही गेलो? घर काही लांब नव्हतं, शाळेच्या मागच्याच गल्लीत. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. रोज मी एक एक कॅसेट भरून लावून पाहत बसलो. तीस कॅसेटी नीट झाल्या म्हणजे फिटलं असं काही तरी मनाला सांगत होतो. कुमुदनं दोनदा विचारलं, “सांगितलं का?” मी म्हटलं, काम होऊ दे. भित्रा माणूस कामाच्या आड बरोबर लपतो, मला सवय होती.

तीसच्या तीस झाल्या. प्रत्येकीचा दात मी स्वतः तोडला.

त्या घ्यायला आल्या तेव्हा साडेतीन झाले होते. चारची नागपूरची गाडी. नवी साडी, हातात रिकामी पिशवी. मी कॅसेटी खोक्यात रचून ठेवल्या होत्या. खोकं त्यांच्या हातात दिलं असतं तर संपलं असतं. मी म्हटलं, “मॅडम, दहा मिनिटं बसता का? एक वेळा तुमच्यासमोर खेळतो.”

त्या स्टुलावर बसल्या. कुमुद आतल्या दारात येऊन उभी राहिली.

पडदा काळा झाला. पिवळा ठिपका. मी एका ओळीच्या पहिल्या झाडापाशी गेलो आणि बटणांवरून हात काढला. टीप, टीऽप. जवळ आला. अजून जवळ. कंदिलाचं तेल कमी होत होतं. माझी बोटं नुसती पळायला पाहत होती. मी हात मांडीखाली दाबून बसलो. पावलं अगदी शेजारी आली आणि थांबली.

इतक्या दिवसांत ती कधी थांबली नव्हती, कारण मी कधी थांबलो नव्हतो.

मग दोन ठोके आले. ठक, ठक. वेगळा आवाज, पावलांचा नाही. मला बाबांची काठी आठवली, जवाब आठवला. लांब बटण दोनदा दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली: काय नेलं?

खाली चौकोन लुकलुकत होता. उत्तर लिहायचं होतं. मी एका बोटानं अक्षरं शोधत शोधत लिहिलं, बाबांचा आवाज. आणि टीव्हीकडे पाहूनच बोललो. “कॅसेटले ओल नव्हती लागली. मी उलटी लावली होती. माझ्या हातानं पुसली गेली. अन् मी खोटं बोललो.”

अंधार हळूहळू उतरला. आधी एक ओळ, मग दुसरी, मग पूर्ण बाग. हिरवी झाडं आणि प्रत्येक झाडावर नारिंगी ठिपके, पडदाभर. डब्यातून बारीक आवाजात एक चाल वाजू लागली. एक ओळ झाली, दुसरी अर्ध्यावर आली आणि बंद पडली.

“पुढचं मले आठवत नाही,” सुजाताबाई म्हणाल्या. “बाबाचं तेवढंच राह्यलं माझ्यापाशी. दीड ओळ.”

आयुष्यात मी गाणं तुटू दिलं नाही म्हणून मिरवत होतो. कुमुद आत निघून गेली, तिच्या रडण्याचा आवाज येत होता. मला रडूही येईना.

त्या टीव्हीजवळ गेल्या आणि नारिंगी ठिपक्यांवर बोट ठेवलं. रंगात त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. “चांगला दिसते,” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “दीड वर्ष लावलं तुम्ही, भाऊ. आठ दिवस तरी आधी बोलले असते.”

“आठ दिवसांनं काय झालं असतं?”

“हा सवाल तुमच्यासाठी टाकला होता. लोकांसाठी शेवट दुसरा आहे, घरी लिहून ठेवला. ठोक्याले जवाब दिला का सकाळ होते, एवढाच. तुम्ही बोलले का हा काढीन अन् तो टाकीन, असं ठरवलं होतं. म्हणूनच मशीन आठ दिवस तुमच्याकडं ठेवली.” त्यांनी खोक्याकडे पाहिलं. “आता तीसही कॅसेटीत तोच सवाल आहे.”

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. मी म्हटलं, थांबा, उद्या जा, पुन्हा भरतो, सगळ्या भरतो. त्या म्हणाल्या, प्रदर्शन उद्याच आहे. खोकं उचललं आणि गेल्या. खिडकीशी बसलेल्या दिसल्या, खोकं मांडीवर.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. प्रदर्शनात ‘राखण’पाशी सगळ्यात जास्त गर्दी झाली. कॉलेजची मुलं घाबरून ओरडायची आणि पुन्हा रांगेत लागायची. दुकानदार म्हणे, हे असं कुठंच पाहिलं नाही, याचे दहा भाग निघतील. संध्याकाळपर्यंत काही जणांना थांबायची युक्ती सापडली, जवाबाची सापडली, आणि सगळे त्या सवालापाशी अडकले. काय नेलं? कोणी लिहिलं संत्री, कोणी पैसे, कोणी सोनं. आवाज हा शब्द कोणाला सुचणार? खेळ पुढं सरकेना. लोक वैतागले. दुकानदारानं उत्तर विचारलं, बाईंनी सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, याचा अर्थ काय, हे कोणाला कळणार? शेवट बदला. त्या म्हणाल्या, बदललेला तयार आहे, घरी आहे, चार दिवस द्या. त्यानं दिले नाहीत. शेजारच्या टेबलावर विमानं पाडायच्या खेळाच्या बाहेरून आलेल्या कॅसेटी होत्या, तो माल त्यानं उचलला.

मी म्हटलं, मी नागपूरला येतो, त्यांच्या पाया पडतो. त्या म्हणाल्या, “राहू द्या. तुम्ही भ्याले अन् मी हट्टाले पेटली. दोघांची सजा खेळाले भेटली.” विहीर आणि रेल्वेलाइन वहीतच राहिले. त्यांनी पुन्हा खेळ बनवला नाही. पुढं बदली होऊन छिंदवाड्याला गेल्या. आता मोबाईलवर लोक अंधारात बॅटरी घेऊन फिरायचे, न दिसणाऱ्या पावलांपासून पळायचे खेळ खेळताना दिसतात. मी त्यांना सांगत नाही की हे आमच्या सौंसरात एका मास्तरीणबाईनं आधी करून ठेवलं होतं. कोण विश्वास ठेवणार?

बदलीवर जाण्याच्या महिना-दीड महिना आधी सुजाताबाई कॉम्प्युटरची पिशवी न घेता, एकच कॅसेट घेऊन आल्या. बाबांची.

“ही तुम्ही ठेवा. यात आता तुम्हीच आहे.”

ती पूर्ण ऐकायला मला महिना लागला. एका दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि आवाज पूर्ण वाढवला. सरसर. मग कपाटाचं दार. झाडू. मग मी. आपलं चालणं ऐकणं फार वाईट असतं. टीप नाही तिथं, खरे पाय, खरी चप्पल, एक पडणारी आणि एक ओढत येणारी. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पंधरा-वीस मिनिटं. आणि मग बहुतेक मी पाणी प्यायला घरात गेलो असेन, पावलं थांबतात. एकदम शांत.

आणि त्या शांततेत, खूप खालून, दोन ठोके. ठक, ठक.

मी मागं फिरवून पुन्हा ऐकलं. दहा वेळा ऐकलं. हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे, पुसणारं हेड झिजलं की जुनं खाली उरतं. बारीक गाणं पुसलं जातं, काठीचा जोराचा ठोका उरू शकतो. हे सगळं मला धंद्यातला माणूस म्हणून माहीत आहे. तरी मी तसाच त्यांच्या घरी गेलो. सामान बांधलेलं होतं, त्या ट्रंकेवर बसून होत्या.

“मॅडम, बाबा आहे त्याच्यात,” मी म्हटलं. “पूर्ण नाही गेले. माझे पाय थांबले का ऐकू येते.”

त्या म्हणाल्या, “मले माहीत आहे, भाऊ. तो खेळ मी काहून बनवला, असं वाटते तुम्हाले?”

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. दात मी तोडला, त्यावर आता कोणी काही भरू शकत नाही. धंदा बंद होऊन जमाना झाला, एक टेप तेवढा चालू ठेवला आहे. कधीमधी दुपारी लावतो. आता मलाही काठी लागते. माझी पावलं थांबतात, ते दोन ठोके येतात, आणि मी काठी फरशीवर दोनदा आपटतो. कुमुद आतून काही विचारत नाही.